हरणं मोजायला सावरखेड्याला

परवा वऱ्हाडातून परत आले. साताऱ्याला घरी पाय ठेवल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय काय पाहिलंस? अजिंठ्याला किंवा शेगावला जाऊन आली असेल अशी लोकांची समजूत. मी सांगते, एक गायरान पाहिलं. मग समोरच्याचा चेहरा बघून सगळं पहिल्यापासून सांगणं भाग पडतं. पाच-सहा वेळा सांगून झालं, म्हणून आता एकदाच नीट लिहून ठेवते.

आमच्या विद्यापीठात प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला वन्यजीव व्यवस्थापन हा विषय नव्यानेच सुरू झाला. आम्ही चौघांनीच तो घेतला आणि त्यात मुलगी मी एकटी. पहिल्याच तासाला सर म्हणाले, "नोकरीची हमी मी देत नाही. वन्यजीवांचा कायदा नवा आहे, वनखात्यात जागा अजून निघालेल्या नाहीत. ज्यांना उठायचं असेल त्यांनी आत्ताच उठावं." कुणी उठलं नाही. पुढची दोन वर्षं गवतं ओळखणं, ठसे वाचणं, कळप मोजण्याच्या रीती, नकाशे, कायद्याची कलमं असं सगळं शिकलो. निकाल चांगला लागला. पण दिवाळी उलटून गेली तरी नोकरीचं नाव नव्हतं. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. त्यांनी बी.एड.चा अर्ज आणून माझ्या टेबलावर ठेवला. वर पेनही ठेवलं.

अशात सरांचं पत्र आलं. वाशीमकडच्या भागात सावरखेडा नावाचं गाव आहे. काळविटांचे कळप पिकं खातात, तेव्हा ते ज्या गायरानात राहतात ते ई-क्लासचं, म्हणजे सरकारी चराईचं, गायरान मोडून नांगराखाली आणू द्या, असा अर्ज गावाने तहसिलीत केला होता. वनखात्याला त्यावर मत द्यायचं होतं आणि कुणीतरी जाऊन पाहणी करायला हवी होती. वर्गातल्या एकाने बँकेची परीक्षा दिली होती, दुसरा काकांच्या औषधांच्या दुकानात बसू लागला होता, तिसरा टायफॉइडने अंथरुणावर होता. उरले मी. सरांनी खाली लिहिलं होतं, "अहवाल पटला तर खातं एक संशोधन सहायक घेईल असं म्हणतात. खात्रीचं नाही."

मी पेन उचललं आणि सरांना उत्तर लिहिलं, निघते.

कारंजा लाड

मूर्तिजापूरहून कारंज्याला छोटी गाडी जाते. ती इतकी सावकाश जाते, की मधेच उतरून बोरं वेचून परत चढणारे लोक मी पाहिले. कारंजं जुनं व्यापारी गाव आहे. कापसाच्या गाड्या, धान्याच्या अडती, आणि गल्ल्यांमधून जैन मंदिरांची शिखरं. सरांच्या ओळखीचे धन्यकुमारजी तिथे किराणा-भुसाराचा व्यापार करतात. त्यांच्या घरी माझी उतरण्याची सोय होती.

मी पोहोचले तेव्हा दिवस नुकताच मावळला होता. त्या घरात सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही आणि कुणी जेवत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांच्या पत्नी शांताकाकू दारातच हळहळल्या, "अर्धा तास आधी आली असती तर गरम गरम कढी-भात होता ना." मी बरोबरची दशमी खाल्ली आणि झोपले. सकाळी मात्र काकूंनी त्या हुकलेल्या जेवणाची भरपाई केली. कांदा, लसूण, बटाटा यांतलं काही नव्हतं, तरी त्या डाळीची चव अजून जिभेवर आहे. आमच्याकडे कांद्याशिवाय फोडणी म्हणजे काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. इथे कांदा आठवलासुद्धा नाही.

त्याच सकाळी एक घोटाळा झाला. ठसे उचलण्यासाठी मी प्लास्टर ऑफ पॅरिसचा डबा आणला होता. मी आंघोळीहून आले तर काकूंनी ती पांढरी पूड मैदा समजून बारीक चाळणीने चाळून, कडेला लावून ठेवलेली. "किती छान मैदा, पण वास काही वेगळाच येतोय," त्या म्हणाल्या. मी सगळं समजावल्यावर त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग विचारलं, "हरणाच्या पावलाचा साचा करून करायचं काय?"

"कोण आलं होतं ते कळतं."

धन्यकुमारजी वर्तमानपत्र वाचत होते. ते म्हणाले, "जीव वाचवायचं शिक्षण विद्यापीठात मिळतं, हे चांगलं झालं. पण यावर पोट भरतं का?"

मी म्हणाले, "तेच बघायला आलेय."

रान आणि वावर

सावरखेडा कारंजा-मानोरा रस्त्यावर एस.टी.ने तासाभराच्या अंतरावर. फाट्यावर वनरक्षक दौलतनाना सायकल धरून उभे राहणार होते. पांढऱ्या मिशांचे, निवृत्तीला आलेले गृहस्थ. पण माझी बस लवकर आली, नाना पोहोचले नव्हते. अर्ज करणाऱ्यांत गायरानाला अगदी लागून जमीन गयाबाईंची होती, म्हणून मी रस्त्याने गवताचा भारा घेऊन चाललेल्या एका बाईला विचारलं, "गयाबाईंचं रान कुठे आहे हो?"

ती थांबली. "गयाबाईचं कायचं रान, बाई? रान तं सरकारचं हाय. थे पाहा, नाल्याच्या पलीकडं."

आमच्याकडे रान म्हणजे शेत. वऱ्हाडात शेताला वावर म्हणतात आणि रान म्हणजे खरंखुरं रान, हे मला कळायला मैलभर चालावं लागलं. नाला ओलांडून चढावर आले आणि समोर नुसतं गवत. गुडघाभर, वाळून सोनेरी झालेलं, वाऱ्यावर एका अंगाला झुकणारं. मधूनमधून पळस आणि बाभळी. मी वाट चुकलेय हे उमगून पिशवी खाली ठेवली, आणि तेवढ्यात गवत हललं.

काळवीट मी तोपर्यंत फक्त संग्रहालयात पाहिलं होतं, भुसा भरलेलं, काचेचे डोळे लावलेलं. इथे पंधरा पावलांवर एक नर उभा होता. पाठ काळीभोर, पोट पांढरं, शिंगं पीळ देऊन उंच चढत गेलेली. मागे पिवळसर माद्या आणि पाडसं. त्याने मला पाहिलं, मान वर केली आणि जागच्या जागी उसळी घेतली. मग एकामागून एक सगळ्यांनी तशाच उसळ्या घेतल्या आणि कळप गवतावरून निघून गेला. मी तशीही मोजलीच. एकवीस. कळपावरची नजर न काढता आकडा वहीत लिहिला, तो आजही वाचता येत नाही.

गयाबाई भेटल्या त्या दुपारी. साठीच्या, विधवा. दोन एकर वावर स्वतः कसणाऱ्या. त्यांनी आधी मलाच फैलावर घेतलं. "मी इकडं वावरात वाट पाहून राह्यली अन् तू तिकडं रानात कायले गेली वं?"

रानाचा आणि वावराचा घोळ सांगितल्यावर त्या तोंडाला पदर लावून हसल्या. नानाही तोवर धापा टाकत येऊन पोहोचले होते. सायकलला टेकून त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"पोरी, जनावरं तं आपल्या मनानं राह्यतेत. त्याले कालेज कायले लागते?"

"जनावरांना नाही लागत नाना, माणसांना लागतं."

त्यांना ते पटलं नसावं. पण माझी पिशवी त्यांनी सायकलला अडकवली.

सावरखेडा

पुढचे दहा दिवस मी गयाबाईंच्या घरी राहिले. उजाडायच्या आत उठायचं, नानांबरोबर बांधाबांधाने फिरायचं, ठसे मापायचे, खाल्लेली झाडं पाहायची, लेंड्या कागदात बांधून आणायच्या. गावातल्या बायकांना त्या पुड्यांचं फार नवल. सातारची एक शिकलेली पोरगी लेंड्या गोळा करते, ही बातमी माझ्याआधी वावरावावरात पोहोचायची.

गयाबाईंच्या वावरात हरभरा वीतभर वर आला होता आणि गायरानाच्या कडेने पाच-सहा ओळींचे शेंडे साफ कुरतडलेले होते. मी गुडघ्यांवर बसले. माती ओलसर होती आणि ठसे स्वच्छ. लहान, टोकदार, दोन पाकळ्यांचे. सगळे काळविटाचे. मी पुन्हा मापले, तिसऱ्यांदा मापले. खरं सांगायचं तर दुसरं काही निघावं म्हणूनच मापले. ती उसळी घेणारी जनावरं माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती, आणि माझ्याच वहीत त्यांच्याविरुद्ध पुरावा लिहायचा होता.

गयाबाई बांधावर बसून बघत होत्या. "काय लिवलं?"

मी वाचून दाखवलं, "गयाबाईंच्या वावरात हरभरा हरणांनीच खाल्ला. दुसऱ्या जनावराची खूण नाही."

"मले वाटलं तू हरनाईची बाजू घेशील," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा आला.

जेवताना त्यांनीच एक गोष्ट सांगितली, जी मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नव्हती. हरभऱ्याच्या पानांवर आंब, म्हणजे आंबट ओल, धरली की हरणं त्यांना फारसं तोंड लावत नाहीत. "कवळा हाय तवरच राखाव लागते. मंग थे आपल्या गवतातच खूश राह्यतेत." ते वाक्य मी त्यांच्या नावासकट अहवालात घातलं.

अर्जावरची पहिली सही मात्र बाबाराव पाटलांची होती. गावातले मोठे जमीनदार, तुरीचं भलं मोठं वावर. घरात बंदूक होती, ती कायदा आल्यापासून कुलपात. त्यांनी मला आदराने चहा पाजला आणि सरळ सांगितलं, "बाई, तुमी सातारच्या. तुमच्याकडं हरनं नाईत. तुमाले काय समजनार? माही तूर हरनाईनं खाल्ली, मी डोळ्यानं पाह्यतो रोज."

मी म्हणाले, "बाबाराव, मला तुमची तूर पाहू द्या."

"पाहा. पन आधी मी तुमाले पाह्यतो. उद्या शाळेत या."

शाळेच्या पडवीतली परीक्षा

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पडवीत निम्मं गाव बसलेलं होतं. मधे पळसाची पाच पानं मांडलेली, प्रत्येकावर लेंड्यांचा एक ढीग. बाबाराव खुर्चीवर.

"सांगा," ते म्हणाले, "कोन कोन येऊन गेलं ते."

विद्यापीठात माझी तोंडी परीक्षा झाली तेव्हा समोर दोन प्राध्यापक होते. इथे साठ-सत्तर माणसं होती, आणि त्यांतला प्रत्येक जण जन्मापासून गुरांमागे हिंडलेला. मी पदर खोचून बसले. पहिलं पान उचललं, "ससा." दुसरं, मोठ्या लेंड्या, एकाच जागी भरपूर पडलेल्या वाटत होत्या. "हे रोही, आमच्या पुस्तकातली नीलगाय. हे तुम्ही एका जागेवरूनच आणलंय, रोही रोज तिथेच येऊन टाकतो." मागून कुणीतरी म्हणालं, "बराबर." तिसरं पान काळविटाचं होतं, एका टोकाला निमुळत्या लेंड्या. चौथंही काळविटाचंच, पण जुनं. "हे चार-सहा दिवसांपूर्वीचं."

पाचव्या पानापाशी मी अडले. फोडून पाहिलं, हातावर घोळवून पाहिलं.

"हे रानातलं नाही," मी म्हणाले. "शेळी किंवा मेंढी. पण त्यांतली कोणती, ते मला सांगता येत नाही."

बाबारावांनी मिशीवरून हात फिरवला. "मलेबी येत नाई," ते म्हणाले.

सगळी पडवी हसली, बाबारावही हसले, आणि मला घाम पुसायला सवड मिळाली. "उद्या फटफटीत व्हायच्या आंधी वावरात या," ते उठता उठता म्हणाले. "मीबी येतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबाराव, नाना आणि मी तुरीच्या कडेला बाभळीआड बसलो. थंडी अशी की नानांचे दात वाजत होते. पूर्वेला जरा उजळलं आणि तुरीतून सावल्या हलू लागल्या. घोड्याएवढ्या, निळसर करड्या. पाच रोही निवांतपणे तुरीचे शेंडे ओरबाडत होते. उजेड वाढला तसे ते ओढ्याकडे उतरून गेले. आणि बरोबर त्याच वेळी, ऊन पडल्यावर, गायरानातून हरणांचा कळप निघून वावराच्या कडेला आला, बांधावरचं गवत खाऊ लागला.

बाबारावांनी आधी ओढ्याकडे पाहिलं, मग हरणांकडे. रोज ऊन पडल्यावर ते वावरात येत, आणि त्यांना दिसत ती हरणं. खाऊन जाणारा त्याआधीच गेलेला असे.

मी प्लास्टर कालवून रोह्याचा ठसा उचलला. तो वाळल्यावर बाबारावांनी हातात घेतला, आपली मूठ त्याच्या शेजारी धरून पाहिली. ठसा मुठीएवढा भरला. ओढ्याकडच्या अंगाला जमीन उकरलेली होती, ती रानडुकरांनी. तेही त्यांनी स्वतः दाखवलं. मला बोलावं लागलं नाही.

संध्याकाळी पुन्हा शाळेत बैठक झाली. मी सगळं वाचून दाखवलं, कुणाच्या वावरात कोण, नावानिशी. गयाबाईंच्या वावराचंही. मग म्हणाले, "गायरान मोडलं तर रोही जाणार नाहीत, डुकरं जाणार नाहीत. हरणांना गवत उरणार नाही, म्हणजे आज जी बांधावर थांबतात ती बारा महिने वावरात येतील. आणि तुमची ढोरं चारायची कुठे?"

मागून एकाने विचारलं, "मंग गयाबाईचं खाल्लं त्याचं काय?"

उत्तर गयाबाईंनीच दिलं. "आंब धरेपर्यंत राखाव लागते. मी एकली किती पळू? पाळ्या लावा."

बाबाराव उभे राहिले. "अर्ज मी केला होता, मीच मांगं घेतो. हरबऱ्याच्या पाळीत पयलं नाव माहं लिवा."

नानांनी त्या दिवशी घरी परतताना सायकल हातातच धरली आणि माझ्याबरोबर चालत आले. वाटेत म्हणाले, "तीस वर्षं झाले मले या खात्यात. गावानं आपल्या मनानं अर्ज मांगं घेतला, असं पयल्यांदा पाह्यलं."

दुसऱ्या दिवशी बाबारावांच्या वावरात रोडग्यांचं जेवण झालं. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे, आणि बरोबर वांग्याची भाजी. आमच्याकडे वांगं दाण्याचं कूट भरून गोडसर करतात. इथल्या भाजीने माझ्या डोळ्यांतून, नाकातून पाणी काढलं. बायका म्हणाल्या, "बाई रडून राह्यली, तिले आनखी वाढा." मी आणखी वाढून घेतलं.

मानोरा

अहवाल घेऊन मी मानोऱ्याला वनखात्याच्या कचेरीत गेले. अधिकारी मध्यमवयीन, मोजकं बोलणारे. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. गयाबाईंच्या पानावर ते थांबले.

"हे तुम्ही वगळू शकला असता."

"हो."

"वगळलं असतंत तर बाकीच्यावर माझा विश्वास बसला नसता." त्यांनी पान उलटलं. सगळं वाचून झाल्यावर चष्मा काढला. "गायरान ठेवावं असं मत मी पाठवतो. आता तुमचं. जागा तात्पुरती आहे, वर्षभराची. पुढचं मी सांगू शकत नाही. रोज दहा-बारा मैल चालणं. आणि एक अडचण अशी, की या पदावर आजवर बाई नाही."

"साहेब, या पदावर आजवर कुणीच नाही."

ते पहिल्यांदा हसले. शेजारच्या कारकुनाला त्यांनी टंकयंत्रावर कागद चढवायला सांगितलं. पदाचं नाव काय घालायचं हे त्यालाही ठाऊक नव्हतं, म्हणून साहेबांनी एकेक अक्षर सांगितलं आणि त्याने ते एका बोटाने टंकलं. कागद हातात आला तेव्हा मी तो तिथेच उभ्याने तीनदा वाचला.

पोस्टात जाऊन वडिलांना तार केली, "नोकरी लागली. अर्ज भरत नाही." उत्तर दुसऱ्याच दिवशी सावरखेड्याला आलं. त्यात एकच शब्द होता, "शाबास." माझ्या वडिलांनी कुठल्याही विद्यार्थ्याला हा शब्द सहजी दिलेला मला आठवत नाही.

आता घरी येऊन पाहते तर ओळखीपाळखीची पोरं विचारायला येतात, हा विषय घेऊ का म्हणून. मी त्यांना आहे तसं सांगते. जागा थोड्या, त्याही कच्च्या. आम्हा चौघांतला एक बँकेतच राहील, आणि सुखात राहील. पुस्तकातलं निम्मं वावरात उपयोगी पडतं, उरलेलं निम्मं वावरातली माणसं शिकवतात, ऐकून घेणाऱ्याला. एवढं सांगूनही ज्याचे डोळे चमकतात, त्याला मी सरांचा पत्ता देते.

शेवटची सकाळ

निघायच्या दिवशी गयाबाईंच्या हरभऱ्याची पाळी बाबारावांच्या घरची होती. मीही गेले. ऊन कोवळं होतं, दव पडलेलं. आम्ही सात-आठ जण गायरानाकडच्या अंगाला पसरून उभे राहिलो. कळप गवतातून बाहेर आला, पुढे म्हातारा नर, आणि हरभऱ्याकडे वळला. गयाबाईंनी हाक दिली, आणि आम्ही सगळे धावलो. बाबाराव धोतर सावरत, नाना शिट्टी वाजवत, मी चपला हातात घेऊन ढेकळांतून. मी पडलेही एकदा, गुडघा खरचटला.

हरणं उसळली. एकेक उसळी माणसाच्या डोक्याच्या वर. नाल्याच्या अलीकडून पलीकडे, ओळीने, एकाही हरभऱ्याला तोंड न लावता ती गवतात परत गेली आणि तिथे जाऊन सावकाश चरू लागली. मी धापा टाकत वही काढली आणि मोजली. पाडसांसकट सव्वीस झाली.

गयाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांचा श्वास फुलला होता आणि तोंडभर हसू होतं. "आज तू हायेस म्हणून मोजले," त्या म्हणाल्या. "उद्या तू चालली. मंग कोन मोजन?"

मी कागद दाखवला. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यावरचं माझं नाव बोटाने दाखवलं.

"सोमवारपासून मीच," मी म्हणाले.